ठोसरसाहेबांचे घोडे

ठोसरसाहेबांचे घोडे नेहमी हरत. एखादा चुकून जिंकलाच, तर छापणाऱ्याची चूक असेल म्हणून ते दुसऱ्या दिवशीचा पेपरही बघून घेत आणि मगच ठोसरकाकूंना शिरा करायला सांगत. मी त्यांच्या शेजारी बरेच पावसाळे काढले, पण शिरा फार क्वचित खाल्ला.

हे घोडे त्यांच्या मालकीचे होते असं मात्र कुणी समजू नये. मालक होते मुंबईचे गिरणीवाले आणि कुठले कुठले राजेसाहेब. घोडे पुण्या-मुंबईच्या मैदानांवर पळत, आणि ठोसरसाहेब चिखलीला, धान्यबाजाराजवळच्या दोन खोल्यांत बसून त्यांची काळजी करत. मालकांनी इतकी केली असेल असं मला वाटत नाही.

वामनराव ठोसर हे आमच्याकडचे वजनमापे निरीक्षक. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शेर-पायली जाऊन किलो आले होते. बाजारातल्या बाया अजून पायलीनंच मागत, दुकानदार किलोनं देत, आणि मधला जो काही फरक पडे तो दुकानातच मुक्कामाला राही. हा फरक शोधून काढणं ठोसरसाहेबांचं काम. डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, मागे सरकारी वजनांची पेटी घेतलेला शिपाई, असे ते बाजारातून निघाले की रस्त्यातल्या तागड्या आपोआप सरळ होत. मी नगरपालिकेत कारकून होतो. मूळचा बीबी गावचा, तेव्हा अविवाहित, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत असे. दोन घरांत भिंत एकच होती आणि मागचं आंगणही एकच.

आषाढ लागला, पुण्याचा हंगाम सुरू झाला, की साहेब आपले घोडे निवडत. सात. सहा नाहीत, आठ नाहीत. एकदा निवडला की तो हंगाम संपेपर्यंत सोडायचा नाही, मग तो लंगडो, शेवटचा येवो की सुरुवातीलाच जॉकीला पाडून उलटा पळो. मुलगी दिल्यावर जावई बदलता येतो का, असं ते विचारत. एकूण त्यांचे जावई कायमच नाठाळ निघत.

याचं कारण त्यांच्या निवडीच्या रीतीत होतं. शर्यतीत जो घोडा चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन लादतात. मागच्या खेपेला जिंकला असेल तर या खेपेला आणखी थोडं. हेतू असा की चांगल्यानं आणि वाईटानं बरोबरीनं पोचावं. आता ज्या माणसाची सगळी नोकरी वजनं तपासण्यात गेली, त्याला वजनाबद्दल आदर असणारच. ठोसरसाहेब पेपरातल्या यादीतला सर्वांत जास्त वजनाचा घोडा उचलत. "सरकारनं इतकं वजन दिलंय म्हणजे त्याच्यात काहीतरी असेलच ना!" असं म्हणत. शर्यतीतली वजनं सरकार ठरवत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. आणि ते बिचारं गुणी जनावर एवढं ओझं घेऊन निघे आणि हलक्यासलक्या घोड्यांच्या मागून धापा टाकत येई.

हे वजनाचं तत्त्व त्यांनी स्टँडसमोरच्या हॉटेलात कितीतरी वेळा समजावून सांगितलं. पण जिंकणाऱ्याचं वजन वाढतं यात नवल काय, हेच लोकांना कळेना. करीमभाई टेलर तर आपल्या दुकानात शिवता शिवता म्हणाले, "साहेब, हे तं आमच्याकडेबी हाय. मागच्या इलेक्शनले जो जिकला त्याचं वजन इतकं वाढलं का आता त्याले जीपच लागते."

"अहो, ते वजन वेगळं! हे पाठीवर ठेवतात!"

"आमच्याकडे ते आमच्या पाठीवर ठुते," करीमभाई म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

करीमभाईंचं दुकान आमच्या घरासमोरच होतं. ते गुपचूप मलकापूरला कुणाकडे तरी निरोप पाठवून रेस खेळत आणि त्यांची रीत सोपी होती. ठोसरसाहेबांचे सात घोडे कोणते ते विचारायचं आणि ते सोडून दुसरा धरायचा. करीमभाईंच्या घरावर त्या काळात नवीन टिनं पडली. साहेबांना याचा पत्ता नव्हता. आपल्या घोड्यांची इतक्या आस्थेनं चौकशी करणारा गावात हा एकच माणूस म्हणून करीमभाईंवर त्यांचा फार लोभ होता.

स्वतः साहेबांनी एक पैसाही कधी लावला नाही. पैसा लावणाऱ्यांचा त्यांना राग होता. "ते घोडा बघतच नाहीत," ते म्हणत. ते स्वतः बघत ते पेपरात. मुंबईचा इंग्रजी पेपर रेल्वेनं मलकापूरला येई आणि तिथून एसटीनं बुलडाण्यावरून चिखलीला. रविवारची शर्यत आम्हाला मंगळवारी कळे. घोडे पळून, दाणा खाऊन, तबेल्यात निवांत झोपलेले असत, आणि इकडे सोमवारी दुपारी साहेब मला गंभीरपणे सांगत, "अजून काही सांगता येत नाही." मंगळवारी ते स्वतः स्टँडवर जात. पेपर तिथं उघडत नसत. घरी येऊन, पाय धुऊन, चष्मा पुसून ओट्यावर बसत आणि निकाल खालून वर वाचत. खालून वाचलं की आपला घोडा लवकर सापडतो, असा त्यांचा अनुभव होता.

कचेरीचं बोलणं ते शुद्ध पुस्तकी करत. संतापले किंवा घाबरले की मात्र त्यांची कारंज्याची बोली बाहेर पडे. आणि मराठीचा त्यांना इतका अभिमान, की घोड्यांची इंग्रजी नावं ते मराठी करूनच घेत. नवं मराठी राज्य झालं, मग घोड्यांनी काय पाप केलं? 'क्वीन्स स्लिपर' नावाची घोडी 'राणीची चप्पल' झाली आणि पुढं नुसतीच 'चप्पल' उरली. "चप्पल आज कशी पडते बघू," असं ते रविवारी सकाळी ओट्यावरून मोठ्यानं म्हणत, तेव्हा रस्त्यानं जाणारे जरा बाजूनं जात. एका हंगामात त्यांच्या सातांत 'यंग विडो' नावाची एक घोडी होती. त्या आठवड्यात हॉटेलात चारचौघांत त्यांनी जाहीर केलं, "आपली तरुण विधवा रविवारी पुण्यात पहिल्यांदा पळणार."

आपली, हा शब्द सगळ्यांनी नीट ऐकला. सोमवारी हळदीकुंकवाला काकूंना कुणी वेगळं बसवलं नाही, पण सगळ्यांच्या आवाजात एकदम माया आली. मंगळवारी साहेब उदास होऊन ओट्यावर बसले, तेव्हा पलीकडच्या वकीलणबाईंनी काकूंना हळूच विचारलं, "पयाली का हो ते?"

"पयाली," काकू म्हणाल्या. "पण पडली म्हंतात. पाय मुरगळला."

"देव पाह्यते बरं सगळं," वकीलणबाई म्हणाल्या आणि समाधानानं घरी गेल्या.

काकू हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत. त्या नवऱ्यापेक्षा शहाण्या होत्या आणि हे त्यांनी नवऱ्याला कळू दिलं नव्हतं. साहेब सांगत ते सगळं त्या ऐकून घेत. उमेदीच्या काळात आपण पुण्याला होतो, पहाटे मैदानावर जायचो, नामांकित घोड्यांच्या मानेवर थापा मारायचो, आपला हात लागला की भडकलेलं जनावर शांत व्हायचं, वगैरे वगैरे. थापेच्या वर्णनात ते हवेत हात असा फिरवत की समोर घोडा उभा आहे असंच वाटावं. सगळी चिखली त्यांना अश्वतज्ज्ञ मानत होती. गावात दुसरा नसल्यामुळं हे सोपं होतं.

याच कीर्तीमुळं देऊळघाटच्या पाटलांनी एकदा त्यांना शंकरपटाला पंच म्हणून बोलावलं. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडे घरचं लग्न मागं ठेवतील, पण पट चुकवणार नाहीत. साहेब टोपी घालून मांडवात बसले आणि पहिल्याच धावेआधी उभे राहून म्हणाले, की गेल्या वर्षी जिंकलेल्या जोडीवर ज्वारीचं एक पोतं लादावं, नाहीतर न्याय होणार नाही. गेल्या वर्षी जिंकलेली जोडी पाटलांचीच होती. मग पाटलांची जोडी हाकणारा धुरकरी पुढं आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, पोतं कायले? तुमीच बसा न जोडीवर." लोक इतके हसले की बैल बिथरले. साहेबांना न्यायाचा पराभव झाल्याचं दुःख झालं. परत येताना जीपमध्ये ते मला म्हणाले, "या देशात वजनदाराला वजन लावायला कुणी तयार नाही." ते बैलांबद्दलच बोलत होते.

अशा माणसाची गाठ गुलाबशेठशी पडायचीच होती. गुलाबशेठ बाजारातले सर्वांत मोठे धान्यव्यापारी. बोलणं मधाळ, दानधर्म मोठा, देवळाच्या पायरीवर त्यांचं नाव होतं. दौऱ्यात एका दुपारी ठोसरसाहेबांनी त्यांच्या दुकानातलं पाच किलोचं वजन हातात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे उपाशी आहे." पेटीतल्या सरकारी वजनासमोर ठेवलं तर खरंच हलकं भरलं. बुडाशी कोरून मेण भरलेलं होतं. साहेबांनी जागच्या जागी पंचनामा केला, वजन जप्त केलं आणि खटला लावला.

गुलाबशेठ मुळीच चिडले नाहीत. प्रत्येक नव्या निरीक्षकाची सुरुवात अशीच होते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मुनीमजींना एवढंच सांगितलं, की साहेबांवर जरा वजन ठेवा. मुनीमजी अनुभवी होते, पण पेचात पडले. ठोसर रोख घेत नाहीत, धान्याचं पोतं परत पाठवतात, दिवाळीची मिठाई शिपायाला देतात, मग ठेवायचं काय? त्यांनी बाजारात चौकशी केली. ज्याला विचारावं तो एकच सांगे, "साहेबाले घोड्याचा नाद हाय."

आमच्या गावात वजन ठेवण्याचं काम नेहमी मनापासून करतात. मुनीमजींनी घोडाच आणला.

साहेब लोणारकडे दौऱ्यावर होते. परत आले तेव्हा दारातल्या कडुनिंबाला एक पांढुरका, एका कानाला चीर गेलेला, पोक्त घोडा बांधलेला. पुण्याच्या शर्यतीत धावलेला अस्सल घोडा आहे, असा निरोप होता. करीमभाईंनी त्याचे दात पाहिले आणि म्हणाले, "पुनं कायचं? यानं जालन्याच्या टांग्याच्या म्होरं काई पाह्यलंच नाई."

साहेब रस्त्याच्या पलीकडं उभे होते. "कुणी बांधला?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"गुलाबशेठच्या मानसानं," काकू म्हणाल्या. "म्हने साहेबाचाच हाय. तुमी आत तं या."

साहेब आत आले नाहीत. ते वळसा घालून मागच्या बोळातून माझ्या खोलीत शिरले, माझ्या मागच्या दारानं आंगणात उतरले आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात गेले. जाताना मला म्हणाले, "मागच्या बाजूनं हवा बरी असते." दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जातानाही त्यांना मागचीच हवा लागली. तिसऱ्या दिवशी घोडा नुसता शिंकला, तेव्हा माझ्या खोलीत चहा घेणारे साहेब बशीसकट उभे राहिले, आणि मग मला सगळं समजलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी बशीकडं पाहिलं.

घोडा परत पाठवायला त्यांनी शिपायाला सांगितलं. शिपाई शेठच्या दुकानापर्यंत जाऊन आला. शेठ म्हणाले होते, घोडा? कोणता घोडा? आमच्याकडं तर बैलच आहेत. शेठला एव्हाना उमगलं होतं, की घोडा साहेबांना लाच म्हणून जरी पोचला नाही, तरी लाच घेतल्याचा पुरावा म्हणून फार उत्तम आहे. पुरावा तर रोज दारात उभा राहून लीद टाकत होता, आणि काकू त्याला शिळी भाकर घालत होत्या. लाचखोराचा खटला कोर्टात कोण उभा करणार? मेण भरलेलं वजन आपोआप पूर्ण भरणार होतं.

उपाय माझ्या कचेरीतच होता. बेवारस जनावर दारात सापडलं तर ते पालिकेच्या कोंडवाड्यात द्यायचं. ज्याच्या दारात सापडलं त्यानंच ते आणायचं आणि पावती घ्यायची. पावती मिळाली की विषय संपला. मी हे साहेबांना सांगितलं, तर त्यांनी नियम दोनदा वाचून घेतला. "त्यानंच म्हणजे कुटुंबापैकी कुणी चालेल का?" मी म्हटलं, काकू नेऊ शकतील. काकू लगेच पदर खोचून उठल्या. पण ठोसरांच्या घरची बाई भर बाजारातून घोडा ओढत नेणार, हे साहेबांना पटेना. आणि लोक काय म्हणतील? अश्वतज्ज्ञ कुठे आहेत?

लोक तर रोज जमत होते. साहेब आज बसणार, अशी बातमी सकाळी सुटे आणि कडुनिंबाभोवती माणसं गोळा होत. साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, जीन नाही. करीमभाईंनी कुठून तरी जीन आणलं. मग म्हणाले, नाल घासले आहेत. मग पितृपक्ष निघाला, पितृपक्षात नवीन वाहनावर बसत नाहीत. मग गुडघा दुखायला लागला. अशात खबर आली, की बुलडाण्याहून मोठे साहेब चौकशीला येताहेत. निरीक्षकानं घोडा घेतला, अशी कुणीतरी तक्रार केली होती. कुणीतरी म्हणजे ज्यानं दिला त्यानंच, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण विचारलं तर गावाला काहीच ठाऊक नव्हतं. ज्यांनी मुनीमजींना घोडा आणताना पाहिला त्यांची नजर एकाएकी अधू झाली होती.

साहेबांच्या पेन्शनीला थोडाच काळ उरला होता. लाच सिद्ध झाली तर नोकरी जाणार, पेन्शन जाणार आणि उभ्या जन्मात एक लाडू न घेतलेल्या माणसाचं नाव लाचखोर म्हणून राहणार. मोठे साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला.

"तुमी सांगून काऊन नाई टाकत, भेव लागते म्हनून? जीव तं नाई जानार?"

साहेब म्हणाले, "जीव नाई जाणार. बाकी समदं जाईन. लाच खाल्ली म्हनलं तं लोकं हात जोडून बोलतीन माह्याशी. मोठा माणूस झाला म्हनतीन. अन् भेलो म्हनलं तं लेकरंसुद्धा हासतीन."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांचं गावाबद्दलचं मोजमाप अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मोठे साहेब तरुण, चष्मा लावलेले, पुण्याकडचे. खुर्ची ओट्यावर टाकली. एका बाजूला गुलाबशेठ, दुसऱ्या बाजूला ठोसरसाहेब बंद गळ्याच्या कोटात घामाघूम, मधे कडुनिंब, कडुनिंबाला घोडा आणि भोवती सगळा बाजार.

"ठोसर, हा घोडा तुमच्या दारात किती दिवस आहे?"

"बरेच दिवस, साहेब."

"तुम्ही मागितला होता?"

"नाही."

"मग परत का केला नाही? निदान कोंडवाड्यात का दिला नाही? अख्खा तालुका सांगतो, तुम्हाला घोड्यांचा शौक आहे. मी काय समजायचं?"

ठोसरसाहेबांनी बाजाराकडं पाहिलं. हॉटेलवाला होता, वकीलणबाई होत्या, देऊळघाटचे पाटील बाजाराला आलेले होते. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या काकूंकडं पाहिलं. टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "मले भेव लागते, साहेब."

मोठे साहेब एकदम पुढं वाकले. "कुणाचं? घाबरू नका, नाव सांगा. या शेठचं?"

"नाई जी," ठोसरसाहेब म्हणाले. "घोड्याचं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हॉटेलवाल्याला कळलं आणि मग सगळ्या बाजाराला. असा हशा चिखलीत मी पुन्हा ऐकला नाही. ठोसरसाहेब त्या हशातच बोलत राहिले. आपण पुणं पाहिलेलंच नाही. मैदान पाहिलेलं नाही. घोड्याच्या मानेवर कधी हात ठेवलेला नाही. लहानपणी कारंज्याला एका टांग्याच्या घोड्यानं दंडाला चावा घेतला होता, तेव्हापासून जनावर दिसलं की पाय लटपटतात. पेपरातल्या घोड्याचं ठीक असतं, तो चावत नाही.

"नाटक हाय, साहेब," गुलाबशेठ मधाळपणे म्हणाले. "यायले घोड्याबिगर दुसरं बोलताच येत नाई."

"बघू," मोठे साहेब म्हणाले. "ठोसर, सोडा तो घोडा आणि न्या कोंडवाड्यात. माझ्यासमोर."

ठोसरसाहेब पायरी उतरले. झाडापर्यंत गेले. दोरीला हात लावला. घोड्यानं मान वळवून त्यांच्या टोपीचा वास घेतला आणि नुसता फुरफुरला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण साहेब माझ्याच अंगावर आले. भानावर आलो तेव्हा ते माझ्या ओट्यावर माझ्या मागे होते आणि माझा सदरा त्यांच्या मुठीत फाटलेला होता. हात असे कापत होते, की बाजार हळूहळू हसायचा थांबला. अशी थरथर नाटकात येत नाही हे सगळ्यांना दिसलं.

मोठ्या साहेबांनी शेठकडं पाहिलं, घोड्याकडं पाहिलं, आणि तिथंच अहवाल लिहून मोठ्यानं वाचून दाखवला. सदर कर्मचारी घोड्यास मनापासून भितो, सबब त्याने घोडा स्वेच्छेने स्वीकारल्याचे संभवत नाही. सरकारी कागदावर भित्रेपणाचा दाखला मिळालेले ठोसरसाहेब हे माझ्या माहितीतले एकमेव गृहस्थ.

नियमापायी घोडा मात्र त्यांनाच न्यावा लागला. काकूंनी विहिरीचा दोर आणून कासऱ्याला जोडला. त्या लांबलचक दोराचं एक टोक धरून साहेब पुढं, भरपूर मागं घोडा, आणि दोन्ही बाजूंना बाजार, अशी ती मिरवणूक कोंडवाड्यापर्यंत गेली. पावती मी फाडली. खटला उभा राहिला, गुलाबशेठना किरकोळ दंड झाला, आणि पुढच्या निवडणुकीत ते आमच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचं वजन अर्थातच वाढलं. साहेबांना गाव 'घोडेभ्ये' म्हणू लागलं. रविवारी हॉटेलात त्यांना कुणी काही विचारीनासं झालं. एकटे करीमभाई तेवढे यादी विचारायला नेमानं येत राहिले. आता त्यात मलकापूर किती आणि मैत्री किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

घोड्याला न्यायला मालक आला नाही. मुदत संपल्यावर पालिकेनं लिलाव पुकारला. शेठ नाराज होतील म्हणून कुणी बोलीच लावीना. मी तिसऱ्यांदा पुकारणार, तेवढ्यात गर्दीच्या पार मागून ओळखीचा आवाज आला. ठोसरसाहेबांनी बोली लावली होती.

मी सही घेताना हळूच विचारलं, "साहेब, हे कशाला?"

"अहो," ते म्हणाले, आणि मग पुस्तकी भाषा सुटली, "गावात एकानं तरी साक्ष देल्ली का माह्या बाजूनं? त्यानं देल्ली. साक्षीदाराले उपाशी मारू का?"

त्यानंतर मी नोकरी बदलून खामगावला गेलो. साहेब पेन्शनीत निघाले आणि चिखलीतच राहिले, एवढं कानावर होतं. काही वर्षांनी एका संध्याकाळी एसटीनं चिखलीवरून मेहकरकडं चाललो होतो. धान्यबाजारापाशी बैलगाड्यांची गर्दी झाली आणि बस थांबली. खिडकीतून तो कडुनिंब दिसला. खाली तो घोडा, आता पार थकलेला, खाली मान घालून उभा. शेजारी ठोसरसाहेब, बिनकोटाचे, वाळलेले. डावा हात छातीशी घट्ट धरलेला आणि उजवा घोड्याच्या मानेवर ठेवलेला. डोळे गच्च मिटलेले होते.

ओट्यावर बसून काकू तूर निवडत होत्या. "उघडा आता डोये," त्या म्हणत होत्या. "काई करत नाई तो."

मी हाक मारणार होतो, पण तेवढ्यात बस सुटली. ती वळेपर्यंत मी पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. हातही काढला नाही.